गोमाजी दिसल्याशिवाय उठायचं नाही

मी जेवणाची एक साधी स्टीलची थाळी, पण माझ्या पोटावरचा मजकूर वाचलात तर तुम्हाला वाटेल की मी एखादं स्मारक आहे. 'कै. गोमाजी भागोजी उतेकर यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. सुपुत्र किशोर, मुंबई.' एवढं सगळं माझ्या मधोमध कोरलेलं आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते महाडच्या बाजारपेठेतलं भांड्यांचं दुकान. किशोरशेठ तिथे आले आणि माझ्यासारख्या ढीगभर थाळ्या त्यांनी एकदम उचलल्या. दुकानदार नाव घालायचं मशीन घेऊन बसला.

"शेठ, काठावर घालतो. मधे घातलं तर भाताखाली जाईल."

"मधेच घाला," शेठ म्हणाले. "जेवून झालं की कळलं पाहिजे कोणी दिलं ते."

मशीन चाललं तेव्हा मला दुखलं, पण भेटवस्तूने तक्रार करायची नसते.

पोलादपूरच्या पुढे मुलींचा एक बालआश्रम आहे, तिथे आम्ही पोचलो. इथे आल्यावर कळलं की माझ्यात विशेष असं काही नाही. बाकावर नाव आहे, कपाटावर आहे. पाण्याच्या टाकीवर दोन भावांची नावं आहेत, मोठ्याचं वर. पंख्याच्या तीन पात्यांवर एकाच घराण्याच्या तीन पिढ्या आहेत. पंखा फिरला की त्या वाचता येत नाहीत, म्हणून पाहुणे आले की तो बंद ठेवतात. पाहुणे घाम पुसत वर बघतात आणि तृप्त होतात.

मुलींवर नाव कोरता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी भिंतीवर फलक आहे. डावीकडे मुलगी, उजवीकडे तिचे पालक. पालक म्हणजे जे तिचा वर्षाचा खर्च उचलतात आणि वर्षातून एकदा, जेवणाच्या वेळी, पाऊण तास येऊन जातात. बाकीचं वर्ष मुली त्यांना पत्रं लिहितात. 'प्रिय काका, आम्ही येथे आनंदात आहोत.' फळ्यावर एकच पत्र असतं. प्रत्येकीने फक्त काका बदलायचे.

मी शकूच्या वाट्याला आले. शकू सातवीत, डोंगरातल्या वाडीची. वडील आधीच गेले होते. तीन पावसाळ्यांपूर्वी दरड आली, तिच्याखाली घर गेलं आणि आईही गेली. तिचे पालक किशोरशेठच. जूनमध्ये तिला महाडच्या हायस्कुलात जायचं होतं आणि त्यासाठी फॉर्मवर शेठची सही हवी होती.

आश्रमाच्या वैशालीताईंचा नियम आहे, ताटात काही टाकायचं नाही. मुलींनी तो आपल्या भाषेत करून घेतला: गोमाजी दिसल्याशिवाय उठायचं नाय. मग रोजच सुरू झालं. "गोमाजी दिसला का गो तुझा?" "नाय गो, अजून आमटीत बुडलाय." जिवंतपणी कुणी त्यांची इतकी चौकशी केली असेल असं मला वाटत नाही.

एका रविवारी दुपारी शकूने कंपासपेटीतून कर्कटक काढलं. गोमाजींच्या खाली बोटभर जागा उरली होती. वरची ओळ बघून बघून तिने लिहिलं: 'कै. सारिका यांच्या स्मरणार्थ. सुकन्या शकू.' कर्कटक घसरत होतं, त्यामुळे मशीनपेक्षा जास्त लागलं. पण तिच्याकडे आईचा फोटो नव्हता, आणि आईचं नाव घातलेली भांडी दरडीखालीच राहिली होती. मग मीच थोडं सोसलं.

मार्चमध्ये गोमाजींची पुण्यतिथी आली. शेठ आपल्या आईला, प्रयागबाईंना, घेऊन आले. वैशालीताईंनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "दिलेली वस्तू खराब दिसली तर देणारा पुन्हा येत नाही. फॉर्मवर सह्या व्हायच्यात."

त्या दिवशी शकूने दोनदा भात मागून घेतला आणि माझ्यावर डोंगर केला. सगळ्यांचे गोमाजी दिसले, तिचा दिसेना. शेठ तिच्या शेजारी फोटोसाठी बसले. वैशालीताईंनी मोबाइल धरला.

"बाळ, भात जरा बाजूला सार. बाबांचं नाव येऊ दे."

शकूने एक शीतसुद्धा हलवलं नाही.

"लाजते," शेठ म्हणाले आणि त्यांनीच चमच्याने भात सारला. आधी गोमाजी दिसले. मग सारिका दिसली.

वैशालीताईंचा मोबाइल खाली आला. शेठचा चेहरा पडला, चमचा हातातच राहिला.

"काय लिवलंय गो?" प्रयागबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मग शकूलाच म्हणाल्या, "तूच वाच. तूच लिवलंयस ना?"

शकूने खाली मान घालून वाचलं. सगळं वाचलं, 'कै.'सकट.

"आय तुझी?"

"हो."

"कधी गेली?"

"तीन वर्षं झाली. दरडीत."

प्रयागबाईंनी माझ्या खालच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आमच्या म्हाताऱ्याला एकट्यानं जेवण जायचं नाय. पंगतीला कुणीतरी लागायचं. बरं झालं." आणि मुलाकडे वळून, "किशोर, त्या कागदावर सही कर आणि ऊठ तिथनं. पोरीचा भात गार होतोय."

शेठनी सही केली. फोटोही काढून घेतला. मोबाइलच्या स्टेटसवर तो दिवसभर होता म्हणतात. त्यात गोमाजी लखलखीत दिसतात आणि सारिकावर एक पापड ठेवलेला आहे.

शकू जूनमध्ये महाडला गेली. मला नेता आलं नाही, कारण मी गोमाजींची. जाताना तिने मला राखेने घासलं, खालची ओळ दोनदा. कर्कटक मात्र ती इथेच ठेवून गेली आणि आता कपाटातल्या अकरा थाळ्यांवर गोमाजींना सोबत आहे. वैशालीताईंना ते दिसत नाही. त्यांचा चष्मा सोयीचा आहे.

परवा शेठकडून नव्या थाळ्या आल्या. अक्षरं दुप्पट मोठी, काठापासून काठापर्यंत. माझ्याकडे आता पाच वर्षांची एक मुलगी जेवते. भात संपला की खालच्या ओळीवर बोट ठेवून विचारते, "आणि ही कोण गो?" शेजारची सांगते, "ती शकूताईची आय. ती दिसल्याबिगर पण उठायचं नाय."

तेव्हा देणाऱ्यांनो, द्या. थाळ्या द्या, पंखे द्या, त्यांवर नावंही खुशाल घाला. फक्त खाली बोटभर जागा सोडा.