शंभराच्या आतला ताप

त्या घरात पुरुषाचा ताप हाताला कळायचा आणि बाईचा मोजावा लागायचा. असा नियम कुणी लिहून भिंतीवर लावला नव्हता. असले नियम लावावे लागत नाहीत, नव्या सुनेला ते आठवड्याभरात आपोआप कळतात.

मागच्याच आठवड्यात नवऱ्याला फ्लू झाला. नवरा बस डेपोत वेळपाल, कुठली गाडी किती मिनिटं उशिरा सुटली हे सांगण्यात जन्म गेलेला माणूस. तो भर दुपारी घरी आला, 'अंगात काहीतरी आहे' म्हणाला आणि आडवा झाला. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला, "भाजतोय गं पोरगा," म्हणाल्या, आणि विषय संपला. पोरगा पन्नाशीचा. थर्मामीटर कुणी मागितला नाही. पुढे तीन दिवस पडदे ओढलेले. पंखा बंद कर, आता लाव, सूप गरम आण, इतकं गरम नको. कण्हणं तर असं की खालच्या मजल्यावरच्या माणसांनी जिन्यात थांबून चौकशी करावी. बायकोने ते सगळं निस्तरलं, आणि निस्तरता निस्तरता त्याचं दुखणं अंगावर घेतलं.

बायको वजनमाप खात्यात निरीक्षक होती. बाजारात तिच्या माघारी तिला सगळे काटेबाई म्हणत आणि तिला ते ठाऊक होतं. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, बुडाला भोक पाडून हलकं केलेलं वजन, आतून पत्रा ठोकलेलं माप, एकोणीस वर्षांत तिच्या नजरेतून यातलं काही सुटलं नव्हतं. "आकडा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," असं ती दुकानदारांना ऐकवायची. त्या रविवारी या वाक्याची तिला भयंकर लाज वाटणार होती.

रविवारी सकाळी ती उठली ती थंडीने कुडकुडतच. डोळे फिरवले तरी दुखत होते. केसांना कंगवा लावला तर केससुद्धा दुखले. घसा असा की थुंकी गिळायची तर आधी मनाची तयारी करावी. आणि संध्याकाळी नणंद, तिचा नवरा, तिचे सासूसासरे आणि दोन मुलं अशी सहा माणसं जेवायला यायची होती. महिनाभरापूर्वी ठरलेलं.

"मला ताप आलाय," ती म्हणाली.

नवऱ्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि फडताळातली पत्र्याची डबी काढली. डबीत कापसात गुंडाळलेला जुना, काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर होता. सासूबाई त्याला नळी म्हणत. त्यांच्या सासूबाईंच्या वेळची ती नळी, आणि घरातल्या दागिन्यांपेक्षा तिचा मान मोठा. नवऱ्याने ती झटकली, बायकोच्या जिभेखाली ठेवली, घड्याळाकडे बघत बरोबर तीन मिनिटं उभा राहिला, मग खिडकीशी जाऊन उजेडात धरली.

"नव्व्याण्णव पॉइंट चार," तो म्हणाला. "ताप नाही. कणकण आहे."

"अहो, अंग फुटतंय माझं."

"आकडा तर तसं म्हणत नाही. आंघोळ केलीस की बरं वाटेल."

सासूबाई दारात उभ्या होत्या. पंचाहत्तरी ओलांडलेली ताठ कण्याची बाई. "शंभराच्या आतल्याला आम्ही ताप म्हणत नव्हतो बाई," त्या म्हणाल्या. "मला तर आयुष्यात ताप आला नाही. या घरात आले तेव्हापासून ही नळी माझ्यासाठी एकदाही शंभराला टेकली नाही." हे वाक्य सुनेने एकोणीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की त्यातला श्वास कुठे घ्यायचा हेही तिला पाठ होतं.

संतापाची गोष्ट ही की तिने मान डोलावली. आकड्यापुढे तिचं डोकं चालायचं बंद व्हायचं, कारण आकड्यावर तिचं पोट होतं. दरवेळी असंच झालं होतं. अंग सांगायचं, पड. नळी सांगायची, ऊठ. ती नळीचं ऐकायची आणि वर मनातल्या मनात स्वतःला कामचुकार म्हणायची. मुलगी लहान असताना एकदा ती ओट्याशी उभी होती ती थेट जमिनीवर बसली होती, तेव्हाही नव्व्याण्णवच. तेव्हा तिला वाटलं होतं की आपण नाटक करतोय की काय.

तर ती उठली. बटाटे सोलायला घेतले. नळाच्या पाण्यात हात घातला आणि दात वाजायला लागले. दोन किलो बटाट्यांपैकी निम्मे होईतो तिने सोलाणं चार वेळा खाली ठेवलं. आतल्या खोलीत नवरा कुठल्या खुर्चीवर कोण बसेल याचा हिशेब मांडत होता, आणि तो त्याच्या मते घरकामात हातभार होता.

बाराच्या सुमाराला समोरची शिवणकाम करणारी शेजारीण दोन घडीच्या खुर्च्या द्यायला आली. खुर्ची देताना हाताला हात लागला आणि तिने खुर्ची तिथेच टेकवली.

"हा हात आहे की माझी इस्त्री?"

"कणकण आहे. नव्व्याण्णव."

"कुणी सांगितलं?" शेजारणीने विचारलं, पण उत्तराला थांबली नाही. घरी जाऊन आपला बटणाचा थर्मामीटर घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर काटेबाईला बसवून तो तोंडात खुपसला. तो टुकटुक वाजला. एकशे एक पॉइंट चार.

नवरा आला, बघितलं, आणि डबी घेऊन आला. नळी पुन्हा झटकली, पुन्हा तीन मिनिटं. नव्व्याण्णव पॉइंट आठ.

"त्यांचा बिघडलाय," तो शेजारणीकडे न बघता म्हणाला. "बटणाच्या वस्तूंचं काही खरं नसतं. आमची नळी आजीच्या वेळची आहे. इतक्या वर्षांत कधी चुकली नाही."

काटेबाईने मान वर केली.

हे वाक्य ती ओळखत होती. एकोणीस वर्षं, दर आठवड्याला, कुठल्या ना कुठल्या दुकानात तिने ते ऐकलं होतं. बाई, वडिलांच्या वेळचं वजन आहे. बाई, आजोबांचा तराजू आहे, कधी तक्रार नाही. आणि ज्याने ज्याने ते म्हटलं, त्याचं वजन तिने हटकून उलटं करून बघितलं होतं, आणि बहुतेक वेळा बुडाला भोक निघालं होतं. सगळ्या बाजाराची मापं तपासली आणि घरातलं एक माप, ज्याच्यावर प्रत्येक दुखण्यात तिला तोलत होते, त्याला तिने आजवर हातही लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिला इतका राग आला की क्षणभर थंडी वाजायची थांबली.

"माझी बॅग आणा," ती म्हणाली.

"अगं, सहा माणसं यायचीत..."

"आणि मग औषधांच्या दुकानातून एक नवा थर्मामीटर आणा. बंद पाकिटातला. मी फोडेन."

तो आवाज बाजारातला होता. घरात तो कधी ऐकला गेला नव्हता. वेळपाल चपला घालून गेला आणि सात मिनिटांत परत आला.

तोवर तिने पातेल्यात कोमट पाणी केलं होतं. दोघांत तंटा असेल तर तिसरा साक्षीदार आणायचा, ही तिच्या खात्याची रीत. तिन्ही थर्मामीटरना रबरबँड लावलं, तिघांची तोंडं एका पातळीला आणली, पाणी चमच्याने ढवळलं आणि तिन्ही एकदम बुडवले. अंगावर शाल, नाक गळतंय, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पंचनामा. शेजारीण ओट्याला टेकून उभी होती. सासूबाई खुर्चीत बसून हा पोरखेळ बघत होत्या.

शेजारणीचा एकशे दोन म्हणाला. नवा कोराही एकशे दोन म्हणाला. नळी म्हणाली, शंभर पॉइंट चार.

"शंभराला टेकली एकदाची," काटेबाई म्हणाली. "पातेल्यातल्या पाण्यासाठी."

शेजारीण फस्सकन हसली. नवरा हसला नाही. काटेबाईने बॅगेतून भिंग काढलं आणि नळी उजेडात आडवी धरली. वरच्या टोकाला, जिथे कुणी कधी बघत नाही, तिथे पाऱ्याचा एक बारीक तुकडा अडकून बसला होता. खालच्या पाऱ्यापासून तुटलेला.

"आई, हे बघा. एवढा पारा वर अडकलाय, म्हणून खालचा तेवढा कमी पडतो. ही नळी दीड अंशाहून थोडं जास्तच कमी दाखवते. एक पॉइंट सहा."

सासूबाईंनी भिंगातून बघितलं. बराच वेळ बघितलं. "कधीपासून?"

"ते नाही सांगता येत. फार गरम पाण्यात कधी बुडवली असेल तर असं होतं."

"माझ्या सासूबाई कढत पाण्यात घालायच्या," सासूबाई सावकाश म्हणाल्या. "मी या घरात यायच्या आधीपासून. त्यांना स्वच्छतेचं वेड."

शेजारणीने आपला थर्मामीटर पुसून घेतला आणि ती गेली, तिला कळलं की आता इथे परक्या माणसाचं काम नाही. सासूबाईंनी भिंग खाली ठेवलं नव्हतं.

"हा झाला," त्या मुलाकडे बोट करून म्हणाल्या, "त्याच्या तिसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरली होती. नव्व्याण्णव पॉइंट आठ. याचे वडील म्हणाले, शंभर नाहीये. मी उठून अख्ख्या घराचे कपडे धुतले. म्हणजे तेव्हा किती होता?"

काटेबाईला खोटं बोलायचं होतं. पण मापाच्या बाबतीत ते तिला येत नव्हतं. "एकशे एक पॉइंट चार."

"माझ्या नणंदेच्या लग्नात. नव्व्याण्णव पॉइंट सहा. तीन दिवस."

"एकशे एक पॉइंट दोन, आई."

"माझी आई गेली त्या महिन्यात. नव्व्याण्णव पॉइंट नऊ. मला माहेरी जाऊन पडायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, कशासाठी? ताप तर नाही."

"एकशे एक पॉइंट पाच."

सासूबाई सांगत राहिल्या. ज्या बाईला आयुष्यात कधी ताप आला नव्हता, तिला प्रत्येक आकडा पाठ होता. साल, महिना, पॉइंटसकट. सून प्रत्येक आकड्यात एक पॉइंट सहा मिळवून उत्तर देत राहिली. तिला या बाईवरही चिडायचं होतं. दारात उभं राहून 'आम्ही ताप म्हणत नव्हतो' म्हणणारी हीच. ती चिडलीच होती. पण चिडायचं कुणावर, याची रांग आता फार मागे गेली होती, आणि रांगेच्या टोकाला कढत पाण्याचं भांडं घेऊन कुणी तिसरीच उभी होती, जिचा ताप बहुधा कुणी मोजलाच नव्हता.

"आणि तुला," सासूबाई शेवटी म्हणाल्या, "तू ओट्याशी खाली बसलीस त्या दिवशी. मीच वाचली होती नळी. मीच म्हटलं होतं, ऊठ."

"हो."

"उठलीस."

"हो."

त्यांनी माफी मागितली नाही. त्यांच्या पिढीत सुनेची माफी मागायला शब्द नव्हते आणि पंचाहत्तरीनंतर नवे शिकवायचे कुणी. त्यांनी भिंग ठेवलं, उठल्या आणि फोन लावला.

"आज येऊ नका," त्या लेकीला म्हणाल्या. "नाही, पुढच्या रविवारीही नको, मी कळवीन. घरात ताप आहे. दोघींना."

"दोघींना?" वेळपाल म्हणाला.

काटेबाईने बॅगेतून खात्याची लाल चिठ्ठी काढली, 'नामंजूर' लिहिलेली, आणि पत्र्याच्या डबीवर चिकटवली. खाली तारीख घातली, सही केली. सही थोडी वाकडी आली. मग ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा ती आजारी असल्यासारखी आडवी झाली, एक पाय जमिनीवर न ठेवता.

सासूबाई तिच्या मागोमाग आल्या.

"आई, जवळ नको. लागण होईल तुम्हाला."

"मी लांबच आहे." त्या समोरच्या भिंतीलगतच्या पलंगावर बसल्या, खिडकी उघडली, चष्मा काढून ठेवला आणि भर दुपारी पाय पसरून आडव्या झाल्या. त्या घरात त्यांना दिवसाउजेडी आडवं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. मुलगा दारात आला तो घाबराघुबरा. हातात नवा थर्मामीटर. तो त्याने आईच्या तोंडात ठेवला, टुकटुक होईपर्यंत वाट बघितली, आणि वाचून त्याचा जीव भांड्यात पडला.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. आई, तुला ताप नाहीये."

"आजचा नाही," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "मागचे आहेत. बटाटे निम्मे सोलायचे राहिलेत, ते सोल आणि सूप कर. गरम कर. पण इतकंही गरम नको."