बावीसशे ओळींचं गाठोडं

राजनंदिनीनं तीन आठवडे राबून केलेलं कोडचं काम तिची सीनियर कनिकाताईनं उघडलं आणि लगेच बंद केलं. वाचलंसुद्धा नाही!

"बावीसशे ओळी एकाच कमिटमध्ये? मी काय वाचू अन् काय तपासू? तुकडे करून आण. सहाच्या आत. न्हाई तर मंग दिवाळीनंतर बघू."

कमिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा एक गठ्ठा; तो ताईनं पास केल्याशिवाय ॲपमध्ये जात नसे. राजनंदिनीचा जीव टांगणीला लागला. जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस. आडत्यांसाठी ॲप बनवायचे. त्यात तिनं वजनाची पावती थेट शेतकऱ्याच्या मोबाईलवर, मराठीत जाईल अशी सोय केली होती. सोमवारी परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, ती सुरू व्हायची होती, आणि तिचे वडील रखमाजी सोयाबीन घेऊन तिथंच जाणार होते. माझ्या पोरीची पावती येणार, असं त्यांनी अख्ख्या आष्टी गावाला सांगून ठेवलेलं. आता बापाला तोंडघशी पाडायचं? छे!

तिनं झपाट्यानं तुकडे पाडले. पण पोर शेतकऱ्याच्या घरची, तिथं काम मोजायचं ते रोजानं. हिनंही सोमवारचं काम एका कमिटमध्ये, मंगळवारचं दुसऱ्यात, असे पंधरा रोज बांधले आणि ऐटीत नेऊन ठेवले.

कनिकाताईला हसू आवरेना. "मंगळवारपर्यंतचं लावलं की ॲप उघडतच न्हाई. कारण मंगळवारची चूक तू बुधवारी दुरुस्त केली! अगं, मला तुझी हजेरी न्हाई घ्यायची. एका कमिटमध्ये एकच गोष्ट ठेव. अन् तिथपर्यंत लावलं तरी ॲप बराबर चाललं पाहिजे."

साडेतीन वाजले होते. राजनंदिनी चिडली, पाण्याची बाटली टेबलावर आपटली, आणि पुन्हा तुकडे पाडायला बसली. नुसती नावं बदललेल्या हजारभर ओळी निघाल्या, त्या पहिल्या कमिटमध्ये. रिकाम्या पोत्याचं वजन कापायचा हिशोब दुसरा, तो निव्वळ सात ओळींचा. पावती तिसरी. आणि तिची लाडकी रंगीबेरंगी स्क्रीन चौथी.

पहिलं कमिट पाच मिनिटांत पास झालं. दुसऱ्यावर कनिकाताई थबकली.

"पोत्याचं वजन तू इथं कापून राह्यली. पन ॲपच्या जुन्या हिशोबात ते आधीच कापलंय ना?"

राजनंदिनीनं जुना हिशोब उघडून पाहिला. खरंच की! बावीसशे ओळींत हे कुणाच्या बापाला दिसलं असतं? प्रत्येक पोत्यामागं वजन दोनदा गेलं असतं, आणि पहिली पोती कुणाची?

"अगं आई गं! मी माझ्या बाबांनाच कापायला निघाल्ते!"

कनिकाताई पोट धरून हसली. त्या सात ओळी उडाल्या. पावती पावणेसहाला पास झाली. रंगीत स्क्रीन मात्र नापास होऊन परत आली. मोंढ्यातल्या उन्हात ती दिसलीच नसती. राजनंदिनीचं तोंड एवढंसं झालं, पण ती वेगळ्या कमिटमध्ये होती म्हणून बाकीचं तरी अडलं नाही.

सोमवारी दुपारी रखमाजींचा फोन आला. "पावती आली बाळा! समद्यांना दाखवून राह्यलो. मी काट्याजवळ बसून पोतं न् पोतं मोजलं, वजन बिलकुल बराबर हाय."

"बाबा, तुम्ही पुन्हा मोजलं? माझ्यावर भरवसा न्हाई का?"

"हाय की. पन तू केलंय म्हनून तपासू नये का?"