मुका मार

जमुनाने करपलेलं कालवण मोरूच्या ताटात वाढलं आणि शिव्या खायच्या तयारीने ती चुलीपाशी बसली. बोंबील पार तळाला लागले होते. करपट वास गल्लीभर गेला होता.

मोरू निवांत जेवला, बोटंही चाटली.

"चांगलं झालंय गो."

वास घेत दारात आलेल्या शेजारच्या सोनूबाईला हसू आवरेना. "परवा शिडाची काठी डोक्यात बसली ती बरीच झाली, जमुने! तुला जन्मात जमलं नाय ते काठीनं केलं."

सारं धाकटी डहाणू गाव हेच म्हणत होतं. मोरू म्हणजे जमदग्नीचा अवतार, मीठमिरचीवरून रोज घर डोक्यावर घेणारा. खोक तशी किरकोळ. हळद भरून गडी काल पुन्हा होडीवर गेलाही. पण तेव्हापासून बोलणं गोड झालं होतं. जमुनालाही ते आवडलं, खोटं कशाला बोला! आज मात्र तो सकाळपासून पेंगत होता, आणि जाग आली की उगाच हसत होता.

"अवो, वास नाय येत तुमाला?"

"कसला वास?" तो हसला आणि ताटावरच कलंडला.

धाकटा दीर चंदर टांगा घेऊन आला. दवाखान्यात डॉक्टरांनी मोरूच्या पापण्या उघडून पाहिल्या.

"मेंदूला मुका मार बसलाय. गुडघा आपटला की दुसऱ्या दिवशी काळानिळा होऊन सुजतो ना? तसंच आत चाललंय, आणि कवटीत सुजायला जागा नाही. मिळेल त्या गाडीने मुंबईला न्या. नाक गेलंय ते बहुधा गेलंच. माणूस परत आला तरी पुष्कळ."

माणूस परत आला. पण वास कशाचाच येईना, आणि तोंडातून वाकडा शब्दही निघेना. वाढलेलं निमूट जेवायचा. जमुना भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायची. त्याला दिसत नाही असं तिला वाटायचं.

एके दुपारी चंदरने होडीवरून थेट बोंबील आणून टाकले, काचेसारखे ताजे. जमुनाने कालवण केलं. मोरूने एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"शी! घाण मारतात हे. शिळे रांधलेस काय गो? नाक नाय तुला?"

जमुना त्याच्याकडे बघतच राहिली. तो नजर चुकवून ताटातच बघत होता.

"चुकलं माजं," ती म्हणाली, आणि तिने त्याला आणखी दोन बोंबील वाढले.