मालजाची शून्यांची वही

नर्स दाबिननं दिलेली वही मालजानं पहिल्या दिवसापासून संशयानंच हाताळली. रोज कंबर किती दुखली ते शून्य ते दहा या आकड्यांत लिहायचं, दिवसभर काय केलं ते लिहायचं, आणि मग "काय उपचार करायचे ते आपण दोघींनी मिळून ठरवायचं, मावशी." दोघींनी! चाळीस वर्षं डॉक्टर सांगत आले नि आपण माना डोलावत आलो, आणि ही कालची पोर आपल्याला विचारणार? कुठंतरी पाणी मुरतंय, हे मालजानं तिथंच ओळखलं.

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या तिच्या गावात बायका श्वास रोखून समुद्राच्या तळाशी जातात नि शंख-शिंपले काढतात. बहात्तराव्या वर्षीही मालजा खोल पाण्यात जाणाऱ्यांतली होती. गेल्या साली तिच्याबरोबर बुडी मारणाऱ्या चुनजानं आपल्याला चक्कर येते म्हणून डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ते कागदावर उतरवलं, आणि महिन्याभरात मच्छीमार संस्थेनं तिचा समुद्र बंद केला. आता ती दारात लसूण सोलत बसते. मालजाला तसं बसायचं नव्हतं. तिनं वहीत ओळीनं शून्यं मांडली.

त्यात बुडी मारणाऱ्या बायकांची प्रमुख ओकसुन तिला दोनदा आरोग्य केंद्रातून बाहेर पडताना दिसली. धडधाकट बाईचं तिथं काय काम? चुगलीच असणार. किनाऱ्यावरच्या दगडी आडोशातल्या शेकोटीपाशी कपडे बदलताना ओकसुननं विचारलंही, "कंबर कशी आहे गं?"

"माझ्या कंबरेला काय धाड भरलीय?" मालजा फिसकारली आणि पाठ फिरवून दुखण्यावरची गोळी तोंडात टाकली.

पण दुखणं कुठंतरी सांगावंसं वाटतंच. खरे आकडे ती घरी भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिही. चौथ्या आठवड्यात दाबिन न सांगता घरी आली. वही चाळून म्हणाली, "सगळी शून्यं? मग गोळ्या कशाला मागता, मावशी?" तेवढ्यात तिची नजर भिंतीवर गेली. मालजा कॅलेंडरसमोर उभी राहिली खरी, पण एवढीशी बाई झाकून झाकणार किती!

"आठ, आठ, सात... आणि हे सलग तीन दिवस तीन? तेव्हा काय केलं होतं?"

"तू सांग. शिकलेली तू."

"मला साधं पोहताही येत नाही. कंबर तुमची आहे, मावशी."

मालजानं तारखा पाहिल्या. त्या तीन दिवसांत तळाशी जायला कंबरेला बांधायच्या तिच्या शिशाच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं होतं. तिनं बहिणीचा जुना पट्टा बांधला, त्यात शिशाचे दोन तुकडे कमी. त्यामुळे तळाशी जाता येईना, म्हणून शिव्या घालत उथळ पाण्यातच काम केलं होतं.

"शिसं," ती हळूच म्हणाली. इतकी वर्षं ती वयाला बोल लावत होती.

"हे मला कधीच सापडलं नसतं," दाबिन म्हणाली.

"आता जाऊन ओकसुनला सांग."

"मी कशाला सांगू? तुमचं कॅलेंडर, तुम्हीच ठरवा. पट्ट्यातलं वजन कमी करणार असाल तर पाठीचे व्यायाम दाखवते."

ती गेल्यावर मालजानं खिडकीतून पाहिलं. पोर ओकसुनच्या घराकडे वळली नाही. तरीही तिचा पुरता विश्वास बसला नाही.

चार दिवस विचार करून तिनं पट्ट्यातले दोन तुकडे काढले. आता खोल पाणी संपलं. शेकोटीजवळची आतली, उबेची जागा खोल पाण्यातल्या बायकांची. मालजानं आपलं गाठोडं स्वतःच उचललं आणि दाराशी, उथळ पाण्यातल्या बायकांमध्ये जाऊन बसली. रडू आवरेना, म्हणून तिनं धुराला शिव्या दिल्या.

ओकसुन उठून तिच्याजवळ आली. झालं, आता डॉक्टरांचा कागद मागणार!

"किती काढलेस?"

"दोन. का? कुठं लिहायचंय?"

ओकसुननं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली केला. "माझ्या वहीतही सगळी शून्यंच आहेत गं."

मग तिनं स्वतःचा पट्टा मालजाच्या मांडीवर ठेवला. "यातलेही दोन काढ. माझी बोटं वळत नाहीत."