सगळीकडे चाललेला अर्ज

ऑफिसात तऱ्हेतऱ्हेचे कॉम्प्युटर होते आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. काळ्या पडद्यावर कमांड लिहून ईमेल पाठवायची, तर `-s` पुढे विषय लिहावा, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पण `-a` म्हटलं की एक यंत्र फाइल जोडायचं, दुसरं पत्राच्या माथ्यावर भलतीच ओळ चिकटवायचं. सगळीकडे चालतील अशा उदाहरणांची पुस्तिका लिहायचं काम ताईंच्या गळ्यात पडलं.

ताईंना हवी होती सोमवारची सुट्टी. वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि न्यायला दुसरं कुणी नव्हतं.

"आधी पुस्तिका, मग अर्ज," साहेब म्हणाले.

ताईंनी मान मोडून काम केलं. `-a` ला लांबूनच हात जोडले. शिकवायचं तर खऱ्यातलं शिकवावं, म्हणून उदाहरणात आपलाच अर्ज घातला:

`printf '%s\n' "वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोमवारी सुट्टी हवी." | mailx -s "सुट्टीचा अर्ज" saheb`

खाली टीप लिहिली: मजकूर आणि पत्ता आपापला घालावा.

साहेबांनी पुस्तिका वाटली आणि प्रत्येकाने आपल्या यंत्रावर उदाहरण चालवून बघायचं फर्मान काढलं. टीप कोण वाचतो? ओळ उचलली, चिकटवली, एंटर. एकही यंत्र अडखळलं नाही. दुपारपर्यंत अख्ख्या ऑफिसचे वडील डोळ्यांनी अधू झाले.

सुट्टी दिवसाला एकालाच, तीही पहिल्या अर्जाला, आणि साहेबांच्या पत्त्यावर आलेल्या अर्जाला मंजुरी कॉम्प्युटरच देई. ताईंनी आपला अर्ज पाठवला तोवर सुट्टी सर्व्हर सांभाळणाऱ्या, ऑफिसात सगळे ज्याला 'कासव' म्हणत त्याच्या पदरात पडली होती. त्याचे वडील जाऊन कैक वर्षं झालेली.

"साहेब, माझी रद्द करा ना," कासव म्हणाला.

"मंजूर झालेली रद्द करायची सोयच नाही त्यात. पण पुस्तिका झकास हं, ताई. सगळीकडे चालली."

"चालली खरी," ताई म्हणाल्या.

साहेब गेल्यावर कासव डोकं खाजवत म्हणाला, "ताई, सुट्टी माझी, वडील तुमचे. मीच नेतो त्यांना."

"तुम्हाला साधा जिना उतरायला अर्धा तास लागतो."

"मग त्यांच्याशी पाऊल जुळेल की."

सोमवारी ताई ऑफिसात फोनकडे डोळे लावून बसल्या. दुपारी तो वाजला.

"झालं ताई, व्यवस्थित झालं. नर्सने विचारलं, पेशंटचे कोण? म्हटलं, मुलगा. अर्जात तसंच लिहिलंय ना मी."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, पट्टी निघू दे, मग बघतो तुला."