आस्ताची बाजू

नोव्हेंबरात चर्चच्या आवारातल्या कबरी स्प्रूस झाडाच्या हिरव्या फांद्यांनी झाकायचं काम माझं. फांद्या एकावर एक, टोकं सगळी एका दिशेला, कडेनं शेवाळ. मार्चपर्यंत ते तसंच राहतं. लोक त्याला सजावट म्हणतात. मला विचाराल तर ते पांघरूण आहे, आणि पांघरूण नीट घातलेलं असावं. एक फांदी वाकडी दिसली तरी माझं डोकं फिरतं.

एक गोष्ट मात्र पाळायची. जागा जोडप्याची असेल आणि दोघांतलं एकच गेलेलं असेल, तर गेलेल्याचीच बाजू झाकायची. जिवंत माणसाची बाजू उघडी ठेवायची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

थॉर्किलची बाजू अशी उघडी होती. दगडावर डावीकडे त्यांच्या बायकोचं, आस्ताचं नाव आणि दोन तारखा. उजवीकडे थॉर्किलचं नाव, एकच तारीख आणि पुढे गुळगुळीत जागा. आस्ताच्या बाजूला एकच झाड होतं, तिची डेलिया. तिनं स्वतः बी धरून वाढवलेली, काळपट लाल, पाकळ्यांची टोकं पांढरी. दर शरद ऋतूत ती कंद उकरून तळघरात ठेवायची. ती आजारी पडली त्या हिवाळ्यात तळघरात पाणी शिरलं आणि सगळे कंद कुजले. एक गड्डा वाचला. आस्ता गेल्यावर थॉर्किलनी तो मे महिन्यात तिच्या कबरीवर लावला. आता त्या जातीचं दुसरं झाड कुठेच नव्हतं.

ऑक्टोबरात पहिल्या गोठवणाऱ्या थंडीनं डेलिया काळी पडली. मी फावडं घेऊन गेले, तर थॉर्किल काठी टेकून उभे.

"उकरू नकोस," ते म्हणाले.

"मग काय, इथेच कुजू देऊ?"

"झाक. माणसं झाकतेस तशी."

"या माणसांना थंडी वाजत नाही, थॉर्किल. कंदाला वाजते. जमीन खालपर्यंत गोठली की मे महिन्यात हाताला नुसता चिखल लागेल. माझ्या शेडमध्ये ठेवते वाळूत. भाडं घेणार नाही."

"तिला उचलायचं नाही." मग खाली बघत म्हणाले, "पोराला, यानला सांगून टाकलंय. ती उगवली तर मी माझ्या घरात राहणार. नाही उगवली तर तो म्हणतो तसं, शहरातल्या त्या वृद्धाश्रमात. तिथे दुपारी कागदाची फुलं करायला बसवतात."

"मग तर शेडच बरी."

"तिच्यापाशी राहू दे, पोरी."

मला छप्पन्न वर्षं झाली आहेत, पण ते मला पोरीच म्हणायचे. मी देठ वीतभर ठेवून कापले. पोकळ देठांत पाणी साचलं की गड्डा सडतो, म्हणून मेणबत्ती वितळवून ते बुजवले. वर बीच झाडाच्या वाळक्या पानांचा ढीग घातला आणि दोन बाजूंच्या मधल्या दगडी पट्टीपर्यंत फांद्या अंथरल्या. पट्टीपलीकडे एक काडीही जाऊ दिली नाही.

नाताळ जवळ आला तेव्हा एका सकाळी ते पांघरूण उजवीकडे सरकलेलं दिसलं. अर्धं थॉर्किलच्या जागेवर. मी हरणांना शिव्या घातल्या आणि सगळं परत लावलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. फांद्या विस्कटलेल्या नव्हत्या. टोकं सगळी एका दिशेला होती, मी लावते तशी. हरणं फांद्या खातात, लावून ठेवत नाहीत. मग हे काम दोन पायांच्या हरणाचं, असं म्हणून मी तडक थॉर्किलच्या घरी गेले.

ते खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर. अंगणातल्या बर्फावरून घसरल्यापासून ते घराबाहेर पडले नव्हते.

"म्हातारपणी खोड्या सुचतात वाटतं?" मी म्हटलं खरं, पण त्यांचा सुजलेला घोटा बघून आवाज खाली आला. मी झालं ते सांगितलं.

"कुठल्या बाजूला सरकलं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या."

ते कॉफी ओतत होते. थोडी बशीत सांडली. "परत सरकवू नकोस," ते म्हणाले.

"जिवंत माणसाची जागा झाकू? गाव मला दारात उभं करील का?"

मी जाताना पुन्हा सगळं पट्टीच्या अलीकडे ओढलं. त्यानंतर दोन दिवस बर्फ पडत राहिला. तो थांबल्यावर मी बघायला गेले. फांद्या उजवीकडे होत्या, पट्टी ओलांडून. त्यांच्यावरचा बर्फ सपाट होता, आजूबाजूचाही. ना पाऊल, ना खूर. मी या आवारात उन्हापावसात एकटी काम करते, कधी घाबरले नाही. त्या दिवशी घाबरले. फांद्यांना हात न लावता घरी आले.

जानेवारीत बर्फ वितळला आणि उघड्या जमिनीवर कोरडी थंडी पडली. डेलियाला याच्याइतकं वाईट काही नाही. आणखी पानं घालावीत म्हणून मी गेले. आस्ताच्या बाजूला लोखंडी सळई खुपसून बघितली तर ती टणकन परत आली. संपलं, मी म्हटलं. थॉर्किलना आता काय सांगायचं? उठताना आधारासाठी उजवीकडच्या फांद्यांवर हात टेकला, तो आत गेला. खालची माती भुसभुशीत होती. आणि कोमट होती, कुणीतरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी.

सळई तिथेच टाकून मी निघाले.

मार्चमध्ये सगळ्या फांद्या काढल्या. काहीच दिसत नव्हतं. मे महिन्यात एका सकाळी कोंब आले, जाड, जांभळट, थॉर्किलच्या नावाखाली. बाजूला जुने देठ होते, मीच मेणानं बुजवलेले. डाव्या बाजूला मी माती हातानं बाजूला केली. आत गड्ड्याच्या आकाराची पोकळी होती आणि ती रिकामी होती.

मी थॉर्किलना बोलावून आणलं. ते काठी टेकून कोंबांवर वाकले.

"आमच्या पलंगावर दोन रजया," ते म्हणाले.

"सगळ्यांच्याच घरी दोन असतात."

"असतात. पण हिवाळ्यात पहाटे तिची रिकामी असायची. बर्फासारखे पाय घेऊन माझ्या रजईत शिरायची ती. सबंध जन्म." त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "आणि तू, बाई, तिला दरवेळी उठवून परत थंड जागेवर झोपवत होतीस."

मला आईनंही इतकं लागेल असं कधी सुनावलं नव्हतं.

ते घरातच राहिले. यान एकदा येऊन बघून गेला आणि कोंब डावीकडे आहेत की उजवीकडे हे त्याच्या लक्षातही आलं नाही. ऑगस्टमध्ये फुलं आली. थॉर्किल रोज येऊन आपल्याच जागेवर वाकायचे आणि सुकलेली फुलं खुडायचे. बघायला बरं वाटायचं नाही, पण त्यांचा चेहरा बघून मी आपल्या कामाला लागायचे.

ऑक्टोबरात झाड काळं पडलं तेव्हा ते म्हणाले, "यंदा दोन्ही बाजू झाक."

"जिवंत माणसाची जागा झाकत नाहीत, थॉर्किल."

"माहीत आहे मला."

मी चिडले. काहीतरी भलतंच बोलू नका म्हटलं, हाताला धरून त्यांना फाटकापर्यंत सोडलं आणि गरम सूप पिऊन झोपा असं बजावलं.

फांद्या घालायच्या आठवड्यात ते झोपेतच गेले. खड्डा उजवीकडे खणायचा होता. फावडं लागू नये म्हणून गड्डा मी हातांनी सोडवला. सगळं आटोपल्यावर मधली दगडी पट्टी काढली आणि तो तिथे लावला. देठांत मेण भरलं, पानं घातली आणि दोन्ही बाजूंवर मिळून एकच पांघरूण अंथरलं.

तो हिवाळा आदल्या वर्षीपेक्षा कडक होता. मी रोज सकाळी जाऊन बघत होते. एकही फांदी हलली नाही.