जिवाणूंचा रविवार

फेहोकोचे पाण्याचे दोन नमुने नापास झाले होते. तिसरा सोमवारी सकाळी नऊ वाजता घेतला जाणार होता. तोही नापास झाला, तर टोंगा देशातल्या टोंगातापू बेटाच्या या कचरा डेपोवरचे पाणी शुद्ध करायचे यंत्र उचलून दुसऱ्या बेटावर नेणार होते आणि गावाला खाडीत शिंपल्या वेचायची बंदी कायम राहणार होती. बंदीला चार वर्षे झाली होती.

यंत्राचे दोन भाग होते. डेपोतून झिरपून खाडीकडे जाणारे काळे पाणी आधी धातूच्या पट्ट्यांमधून जायचे. तिथे विजेने त्यातली सहज न कुजणारी घाण फुटायची. मग ते थेट जिवाणूंच्या टाकीत पडायचे आणि त्यातला अमोनिया जिवाणू संपवायचे. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात दोन महिने टाकीतला गाळ राखेसारखा करडा होता आणि अमोनिया साठाच्या खाली येत नव्हता. मर्यादा वीसची.

फेहोको ब्रिस्बेनला शिकलेला इंजिनियर. टोंगात रविवारी काम करायला कायद्याने मनाई, म्हणून त्याने पोलिसांकडून रविवारीही यंत्र चालवायचा खास परवाना काढला होता.

शनिवारी दुपारी त्याची आत्या लेसिएली टाकीपाशी आली. डेपोची राखण तिच्याकडे होती आणि स्विचच्या खोलीची किल्लीही.

"उद्या यंत्र बंद," ती म्हणाली.

"आत्या, परवा नमुना आहे!"

"उद्या फाकामे आहे. पोरं देवळात वचनं म्हणणार. तुझी आना पांढरा फ्रॉक घालून उभी राहील आणि बाप इथे घाण ढवळत बसणार?"

"जिवाणूंना रविवार नसतो गं."

"मग ते कुठल्या चर्चचे? आमच्यातले तर नव्हेत."

"दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल."

"आत्ता कुठे आहे मग ती?"

टोंगात बापाच्या बहिणीपुढे भाच्याचे काही चालत नाही, मग तो इंजिनियर का असेना. फेहोकोने शेवटचा प्रयत्न केला. "निदान हवेचा पंप राहू दे. गुदमरतील बिचारे."

लेसिएलीने विचार केला. "श्वास घेणं म्हणजे काम नव्हे. राहू दे."

रविवारी आना तिसरी ओळ विसरली आणि चौथी एवढ्या जोरात म्हणाली, की पाळकही दचकले. बायका हसता हसता डोळे पुसत होत्या. घरी उमूतून, म्हणजे जमिनीतल्या भट्टीतून, अळूच्या पानांत गुंडाळलेल्या मांसाचे लू निघाले. फेहोको जेवताना घड्याळ बघत होता.

"काढ ते हातातलं," आत्या म्हणाली. "आणि नीट जेव."

सोमवारी सात वाजता त्याने टाकीचे झाकण उचलले. गाळ तपकिरी झाला होता. वास ओल्या मातीचा येत होता. त्याने क्लोरीन तपासायची पट्टी बुडवली. रोज ती फिकट गुलाबी व्हायची आणि तो वहीत 'किरकोळ' असे लिहायचा. आज ती पांढरीच राहिली.

तो कठड्यावर बसला. बेटावरचे पाणी खारे. खाऱ्या पाण्यात वीज सोडली की क्लोरीन तयार होतो. ज्या नळाने तो जिवाणूंना जेवण देत होता, त्याच नळाने दोन महिने त्यांना विष पाजत होता. काल यंत्र बंद, म्हणून नवा क्लोरीन आला नाही, आधीचा हवेने उडवून लावला आणि जिवाणू सावरले.

नऊला आरोग्य खात्याची तपासनीस मेलेनाइते आली. तिने बाटलीत थेंब टाकले, रंग बघितला. "अकरा."

"परत बघ ना."

"मला वाचता येतं, फेहोको. अकरा. यंत्र इथेच राहणार."

आत्याला त्याने सगळे समजावून सांगितले. दोन्ही भागांच्या मध्ये आणखी एक टाकी हवी. पाण्याने तिथे दिवसभर हवा खात थांबायचे आणि मगच जिवाणूंकडे जायचे.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"चुकून बरोबर होतं."

"बरोबर ते बरोबर!"

मधली टाकी जूनमध्ये बसली. आकडा नऊ-दहावर स्थिरावला, पुढे शिंपल्यांची तपासणीही पास झाली आणि सप्टेंबरातल्या एका मंगळवारी, ओहोटीला, खाडी उघडली. तीस-चाळीस बायका कंबरभर पाण्यात उतरल्या. लेसिएली सगळ्यांच्या पुढे. तिने पायाने चाचपून पहिली शिंपली काढली, सुरीने उघडली आणि तिथेच तोंडात टाकली.

"कशी आहे?" फेहोको काठावरून ओरडला.

तोंड भरलेले होते. तिने नुसता हात हलवून त्याला पाण्यात बोलावले आणि दुसरीसाठी वाकली.